पुन्हा तर होणार नाही ना?

कर्करोगाच्या रुग्णाचे उपचार संपतात त्या दिवशी घरात आनंदीआनंद असतो. ऑपरेशन झालेले असते, शेक घेऊन झालेले असतात, सलाईनमधून द्यायची औषधेही संपलेली असतात. डॉक्टर सांगतात, "आता दोन महिन्यांनी दाखवायला या." नातेवाईक पेढे वाटतात. रुग्ण मात्र पुष्कळदा गप्प असतो. आतापर्यंत सतत कोणीतरी तपासत होते, रक्त काढत होते, औषध देत होते. आता दोन महिने आपल्याकडे कोणी पाहणार नाही, हे त्याच्या मनात घोळत असते. उपचार चालू असताना मोठ्या धीराने वागलेली माणसे उपचार संपल्यावर खचलेली मी पाहिली आहेत. घरच्यांना याचे नवल वाटते. मला आता वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यातील रुग्ण उपचारांसाठी बहुधा नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, जामठ्याला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जातात. काही जण मुंबईला टाटा रुग्णालय गाठतात. उपचार तिकडे होतात, पण पुढचे महिने काढायचे असतात ते वणीत, दिग्रसला, घाटंजीला, आपल्या घरात. मधल्या काळात काही दुखले-खुपले की ही मंडळी आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरकडे येतात. "डॉक्टरसाहेब, इथं हात लावून पाहा बरं. गाठ लागते मले." मी मान चाचपतो. ऑपरेशनच्या जागेचा कडकपणा असतो, शेकामुळे कातडी जाड झालेली असते. नवे काही नसते. तसे सांगितले की चेहरा उजळतो आणि गृहस्थ समाधानाने घरी जातात. चौथ्या दिवशी पुन्हा दारात.

ताप उलटला असे आपण म्हणतो, तशी ही रोग उलटण्याची भीती. वैद्यकशास्त्रात तिला आता स्वतंत्र स्थान आहे. तिची सर्वमान्य व्याख्या २०१६ साली ठरली. कर्करोग परत येईल किंवा वाढेल या शक्यतेबद्दलची भीती, काळजी अथवा चिंता, असा तिचा आशय आहे. ती मोजण्यासाठी प्रश्नावल्या आहेत. अनेक देशांतील नऊ हजारांहून अधिक रुग्णांची अशी माहिती एकत्र करून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांना ही भीती मध्यम किंवा त्याहून जास्त होती. दर पाचांत जवळपास एकाला ती इतकी तीव्र होती की तज्ज्ञाची मदत हवी. तरुण रुग्णांत आणि स्त्रियांत प्रमाण अधिक आढळले. म्हणजे ज्या बाईला शेजारीण "फारच मनाला लावून घेते" असे म्हणते, ती एकटी नाही आणि कमकुवत तर मुळीच नाही.

ही भीती खोटी आहे का? नाही. कर्करोग परत येऊ शकतो, आणि "तुम्हाला आता काही होणार नाही" असे लेखी देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. तोंडाचा कर्करोग उलटायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणूनच त्या काळात तपासणीच्या तारखा जवळजवळ दिलेल्या असतात व नंतर लांबत जातात. स्तनाच्या कर्करोगाचे काही प्रकार मात्र बऱ्याच वर्षांनीही डोके वर काढतात. तेव्हा थोडी भीती उपयोगाचीच आहे. ती माणसाला तारखेला दवाखान्यात नेते, खर्रा सोडायला लावते. प्रश्न उरतो तो दिवसाचे चोवीस तास छातीवर बसलेल्या भीतीचा.

अशी भीती माणसाला दोन अगदी उलट दिशांना नेते. काही जण सारखे तपासत राहतात. आरशासमोर बॅटरी घेऊन तोंडात पाहणे, मानेच्या गाठी दिवसातून वीसदा दाबणे, दर महिन्याला नवी रक्ततपासणी, आज या डॉक्टरचे मत तर उद्या त्या. दुसरे काही जण तारीखच टाळतात. "गेलो अन् काही निघालं तं?" पाऊस आहे, सोयाबीन काढायचे आहे, एसटी नाही, अशी कारणे सांगून वर्ष उलटून जाते. घरच्यांना पहिल्याचा त्रास होतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जाते. दुसरा शांत दिसतो, म्हणून सुटून जातो. माझ्या मते जास्त धोका या दुसऱ्याला आहे. उलटलेला रोग लवकर सापडला तर पुष्कळदा उपाय करता येतो, आणि ती संधी तो भीतीपोटी घालवतो. याच भीतीने काही पुरुष पुन्हा खर्ऱ्याकडे वळतात. मन ताळ्यावर राहत नाही म्हणून एक पुडी, असे सुरू होते. भीती होती रोगाची, आणि ती घालवायला धरला रोगाचाच हात! तोंडाच्या कर्करोगानंतर तंबाखू चालू ठेवली तर रोग उलटण्याची व नवा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, हे या मंडळींना ठाऊक असते, तरीही.

भीती एवढी का चिकटते ते समजून घ्यायला हवे. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचे लक्ष स्वतःच्या शरीरावर खिळते. दिवसभर कापूस वेचल्यावर पाठ कोणाचीही दुखते. पण स्तनाचे ऑपरेशन झालेल्या बाईची पाठ दुखली की तिच्या मनात पहिला विचार येतो, हाडात गेला. विचार आला की छाती धडधडते, झोप उडते, अंग आखडते आणि पाठ आणखी दुखते. मानेचेही तसेच. तीच जागा वारंवार दाबली की ती हुळहुळी होते, दुखू लागते, आणि ते दुखणेच रोगाचा पुरावा वाटते. मग डॉक्टरकडे जावे, "काही नाही" हे ऐकावे. तेवढ्याने जीव शांत होतो, पण संध्याकाळपर्यंतच. अशा दिलाशाची सवय लागते आणि प्रत्येक वेळी तो कमी वेळ टिकतो. तारखेच्या आधीचा आठवडा सर्वांत वाईट असतो. ओळखीतले कोणी कर्करोगाने गेले तरी असेच होते. त्या तेरवीला रुग्णाला नेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण परतल्यावर त्याची चौकशी जरूर करावी.

आपल्याकडे या भीतीला आणखी एक पदर आहे. ती नुसती मरणाची नसते. पहिल्या उपचारासाठी कर्ज झालेले असते, बैल किंवा एकर-दोन एकर शेत विकलेले असते. पुन्हा झाले तर आता विकायला काही नाही, मुलीचे लग्न राहिले आहे, हा विचार रात्री दोनला जागे करतो. हे तो बायकोजवळही बोलत नाही. इथे समजुतीच्या चार शब्दांपेक्षा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून नीट विचारून घेणे अधिक कामाचे ठरते. पैशाची भीती पैशाच्या भाषेतच कमी होते.

घरचे लोक काय म्हणतात? "विचार करू नको." "चांगला विचार कर, सगळं चांगलं होते." हेतू प्रेमाचाच असतो. पण विचार करू नको म्हटल्याने विचार थांबत असता तर मानसोपचाराची गरजच पडली नसती. उलट रुग्णाला वाटते की मनात वाईट विचार आला म्हणजे आपणच रोगाला बोलावणे धाडले. तसे काही नाही. वाईट विचार मनात आल्याने कर्करोग परत येतो, याला कसलाही आधार नाही. हे वाक्य एखाद्या रुग्णाला वाचून दाखवायचे असेल तर जरूर दाखवावे.

आता उपचाराकडे वळू. मानसोपचार म्हटले की लोकांना झोपेच्या गोळ्या किंवा विजेचा झटका आठवतो. या भीतीवरचा उपचार मुख्यतः बोलण्याचा आणि सरावाचा आहे. ऑस्ट्रेलियात फिलिस ब्यूटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉन्कर फिअर', म्हणजे भीतीवर मात, या नावाची पद्धत बसवली. दहा आठवड्यांत पाच बैठकी होतात. २२२ जणांवर केलेल्या तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला ही पद्धत दिली, दुसऱ्याला शरीर-मन सैल सोडण्याचे शिक्षण दिले. भीती दोन्ही गटांत कमी झाली. पण पहिल्या गटात अधिक, आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक दिसत होता.

या बैठकीत "तुम्हाला काही होणार नाही" असे कोणी सांगत नाही. भीतीचा विचार येणारच, हे मान्य करूनच सुरुवात होते. शिकायचे असते ते हे, की आलेल्या प्रत्येक विचारामागे जायची सक्ती नाही. मी रुग्णांना यवतमाळच्या एसटी स्टँडचे उदाहरण देतो. पुसदची गाडी लागते, पांढरकवड्याची लागते, आर्णीची लागते. पुकारा होतो, धूर सोडत गाडी निघून जाते. आपण काही प्रत्येक गाडीत चढत नाही. "पुन्हा झाला" हा विचार तशीच एक गाडी. ती लागणार, पुकाराही होणार. बाकावर बसून राहता आले की झाले. हे ऐकायला सोपे वाटते, पण जमायला आठवडे लागतात.

दुसरा भाग लक्षाच्या व्यायामाचा. डोळे उघडे ठेवून बसायचे आणि कानावर येणारे निरनिराळे आवाज निवडायचे: पंखा, शेजारचा कुकर, रस्त्यावरची मोटारसायकल, लांबवरचा भोंगा. थोडा वेळ एकाच आवाजावर लक्ष, मग दुसऱ्यावर, मग झपाट्याने एकावरून दुसऱ्यावर, शेवटी सर्व आवाज एकदम. दहा-बारा मिनिटे, रोज. हे ध्यान नव्हे, मन रिकामेही करायचे नाही. शरीराला चिकटून बसलेले लक्ष आपल्या इच्छेने हलवता येते, याचा हा सराव आहे. काही जणांना काळजीची वेळ ठरवून देतात. संध्याकाळी पाच ते सव्वापाच, काय काळजी करायची ती करा. इतर वेळी आलेली काळजी कागदावर टिपून पाचसाठी ठेवा. रुग्ण हसतात, पण करून पाहतात. पुष्कळदा पाच वाजेपर्यंत त्या कागदातला निम्मा मजकूर शिळा झालेला असतो.

तिसरा भाग मला सर्वांत व्यवहारी वाटतो. केव्हा घाबरायचे आणि केव्हा नाही, हे आपल्या कर्करोगतज्ज्ञाकडूनच लिहून घ्यायचे. तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, मानेत किंवा छातीवर नवी गाठ आली, कारण नसता वजन उतरू लागले, दुखणे दिवसेंदिवस वाढत गेले तर तारखेची वाट न पाहता दाखवायचे. ठेच्याने तोंड झोंबले, काम केल्यावर हात भरून आला, एवढ्यासाठी नागपूर नको. स्वतः तपासायचे तर महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. "सगळ्या अंगाचा एकदा फोटो काढून टाकू" असा आग्रह नातेवाईक धरतात. स्तनाच्या कर्करोगानंतर कसलीही लक्षणे नसताना असे फोटो व रक्ततपासण्या वारंवार केल्याने आयुष्य वाढत नाही. म्हणून तेथे नियमित तपासणी आणि वर्षातून एकदा स्तनाचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, एवढ्यावरच भर असतो.

या उपचारांनी भीती समूळ जाते असे कोणी समजू नये. २०१९ साली २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. परिणाम लहान, पण खरा आणि टिकणारा आढळला. विचाराशी वाद घालण्यापेक्षा विचाराकडे पाहण्याची रीत बदलणाऱ्या नव्या पद्धती जरा अधिक उपयोगी ठरल्या. एवढ्यानेही जो माणूस तारीख टाळत होता तो बसमध्ये बसतो, आणि ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

चीनमधील समाज या बाबतीत आपल्यासारखाच आहे. तिथेही घरचे लोक रोगाचे नाव रुग्णापासून लपवतात, आणि मनाचे दुखणे चारचौघांत बोलत नाहीत. ऑस्ट्रेलियातील पद्धत हाँगकाँगच्या संशोधकांनी चिनी रुग्णांसाठी घेतली तेव्हा एकेकट्याऐवजी रुग्णांना गटात एकत्र बसवले. आपल्याकडे याची बीजे जुनी आहेत. टाटा रुग्णालयात लहानपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी उपचारोत्तर दवाखाना १९९१ साली सुरू झाला. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून उठल्यावर १९९४ साली 'व्ही केअर' ही रुग्णांना धीर देणारी संस्था काढली. अनुभव घेतलेल्या माणसाचे बोलणे मनाला लागते. शरद पवारांचे तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन २००४ साली झाले, त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ते सभा गाजवत राहिले, असे मी रुग्णांना सांगून पाहिले आहे. "ते मोठे लोक, साहेब," असे उत्तर येते. पण पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली कळंबची बाई शेजारी बसून भाकरीचा तुकडा चावून दाखवते, तेव्हा विश्वास बसतो. माझ्या दवाखान्याच्या बाकावर अशा दोघी योगायोगाने भेटल्या की पुढचा रुग्ण मी जरा उशिराच बोलावतो.

यवतमाळात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते. 'कॉन्कर फिअर'चे नाव तिथे घ्यायची गरज नाही. "कर्करोगाचा उपचार झाला आहे, पुन्हा होईल या भीतीने झोप लागत नाही," एवढे स्पष्ट सांगावे आणि उपचाराची कागदपत्रे सोबत न्यावीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवण-झोप गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर भीतीच्या जोडीला नैराश्य असू शकते. त्यावर औषधेही लागतात आणि ती गुण देतात. जगून काय उपयोग अशी भाषा कोणी काढली तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते, आणि रुग्ण तयार नसेल तर घरच्यांनीही करायला हरकत नाही. खर्रा सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक वेगळा आहे: १८००-११-२३५६.