विजेचे इवले दुवे

बिघडलेला रेडिओ अथवा मोबाईल कुशल कारागिराच्या हाती दिला, म्हणजे तो प्रथम त्यातील मोठमोठ्या भागांना हात लावीत नाही. आधी तो सर्व जोड तपासतो. कोठे तार सैल झाली आहे काय, कोठे धातूवर पुट चढले आहे काय, कोठे एखादे पाते वाकले आहे काय, हे तो बारकाईने पाहतो. वीज जेथे अखंड धातूतून वाहते तेथे सहसा खोट येत नाही. जेथे तिला एका धातूवरून दुसऱ्या धातूवर जावे लागते, तेथेच ती अडखळते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. हे उतारपेठेचे ठिकाण म्हणजे कनेक्टर होय. आजच्या यंत्रांत हे कनेक्टर नखाहूनही लहान झाले आहेत. इतकी नाजूक वस्तू वर्षानुवर्षे टिकावी कशी, हा प्रश्न मोठा कुतूहलाचा आहे.

पूर्वी विद्युत्-यंत्राच्या पोटात तारांचे जंजाळ असे. प्रत्येक तार हाताने जोडावी लागे, आणि कामगाराची एक चूक यंत्र निकामी करी. ही अडचण दूर करण्याचे मोठे श्रेय पाउल आइसलर या अभियंत्याकडे जाते. त्याचा जन्म १९०७ साली व्हिएन्ना येथे झाला. १९३६ साली तो इंग्लंडमध्ये आला आणि तेथे त्याने तारांऐवजी छापील मार्गांवर चालणारा रेडिओ तयार केला. विजेला न वाहू देणाऱ्या फलकावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावयाचा, विजेचे मार्ग त्यावर छापावयाचे, आणि छापलेल्या भागाखेरीज उरलेले तांबे रसायनाने विरघळवून टाकावयाचे, अशी ही रीत. १९४३ साली त्याने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. अशा फलकास मुद्रित मंडल म्हणतात. आजचा नेहमीचा फलक काचतंतूंचे कापड व राळ यांचा बनलेला असून सुमारे १.६ मिलिमीटर जाड असतो, आणि त्यावरील तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रोमीटरचा असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

परंतु एकटा फलक काय करणार? त्यास वीज बाहेरून मिळाली पाहिजे. पडदा, बॅटरी, कॅमेरा यांच्याशी त्याची गाठ पडली पाहिजे. हे सारे भाग कायमचे डाखले, तर एक भाग बिघडताच संपूर्ण यंत्र टाकून द्यावे लागेल. म्हणून हवा तेव्हा जोडता यावा आणि हवा तेव्हा सोडवता यावा, असा दुवा आवश्यक ठरतो.

दोन धातू एकमेकांस टेकले, की वीज वाहू लागते, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः टेकणे ही गोष्ट तितकी सोपी नाही. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे याच एका प्रश्नाच्या अभ्यासात घालविली. आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांनी भरलेल्या मुलखासारखा दिसतो. असे दोन पृष्ठभाग समोरासमोर आले, म्हणजे फक्त काही उंच शिखरेच एकमेकांस भेटतात. बाकी सर्वत्र पोकळी राहते. विजेचा सारा लोंढा त्या चार-दोन ठिकाणांतून वाट काढतो. दाब वाढविला, की शिखरे किंचित चेपली जातात आणि भेटीची ठिकाणे वाढतात. यावरून कनेक्टरच्या रचनेचा पहिला नियम निघतो, तो असा, की धातूस धातू केवळ लागून भागत नाही. तो नेहमी दाबलेला असला पाहिजे.

दुसरी अडचण हवेची. तांब्याचे भांडे घासून लखलखीत केले, तरी काही दिवसांत त्यावर काळपट पुट चढते आणि चिंच लावून ते पुन्हा घासावे लागते. चांदीचे पैंजण हवेतील गंधकाच्या वायूंनी काळवंडतात. अशा पुटांतून वीज सहजी जात नाही. सोने मात्र या बाबतीत निराळे. शेकडो वर्षे जमिनीत पुरलेले सोन्याचे नाणे वर काढले, तरी ते पिवळेधमक असते. म्हणूनच चांगल्या कनेक्टरच्या टोकांवर सोन्याचा मुलामा देतात. शुद्ध सोने मऊ असल्यामुळे घासून झिजते. सोनार ज्याप्रमाणे दागिना कठीण व्हावा म्हणून सोन्यात तांबे मिसळतो, त्याप्रमाणे येथे सोन्यात अत्यल्प कोबाल्ट किंवा निकेल मिसळतात. हा थर पुष्कळदा केवळ पाऊण मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या जवळजवळ शंभराव्या हिश्श्याइतका असतो. त्याखाली निकेलचा थर देतात. तो नसेल, तर खालच्या तांब्याचे कण हळूहळू सोन्यातून वर येतात आणि पृष्ठभागावर पुट धरतात. निकेल त्यांची वाट अडवितो आणि मऊ सोन्यास कठीण बैठकही देतो.

आता दाब कोठून आणावयाचा? तो काम पात्याच्या स्प्रिंगकडे असते. ही पाती साध्या तांब्याची करीत नाहीत, कारण तांबे एकदा वाकले की वाकलेलेच राहते. तांब्यात कथील व थोडा फॉस्फरस मिसळून केलेले फॉस्फर-ब्रॉन्झ, किंवा सुमारे दोन टक्के बेरिलियम असलेले तांबे यासाठी वापरतात. हे धातू दाबले असता लवतात आणि सोडताच पूर्ववत होतात. सोन्याचा मुलामा असलेल्या प्रत्येक पात्याने साधारणतः पन्नास ग्रॅम वजनाइतका दाब द्यावा, अशी अपेक्षा असते. कथलाचा मुलामा स्वस्त असतो. परंतु कथलावर कठीण पुट असते आणि ते फोडावयाचे म्हणून त्यास याच्या दुप्पट तरी दाब लागतो.

येथेच पातळ कनेक्टर करणाऱ्या अभियंत्याची खरी कसोटी लागते. मुलांनी एक प्रयोग करून पाहावा. एक लवचिक पट्टी मेजाच्या कडेवर घट्ट धरून तिचा वीस सेंटिमीटर भाग बाहेर ठेवावा आणि टोक बोटाने दोन सेंटिमीटर खाली दाबावे. नंतर दहाच सेंटिमीटर भाग बाहेर ठेवून टोक तितकेच खाली दाबून पाहावे. दुसऱ्या खेपेस पट्टी फारच ताठर झाल्याचे आढळेल. गणिताने पाहता, लांबी निम्मी केली असता तितकेच वाकविण्यास आठपट जोर लागतो. उलट, पट्टीची जाडी निम्मी केली, तर तिची ताठरता आठव्या हिश्श्यावर येते. तेव्हा लांबी व जाडी दोन्ही निम्मी केली, की पूर्वीइतकाच दाब पुन्हा मिळतो. मग अडचण कोठे राहिली? ती धातूच्या अंगात राहिली. तितकेच वाकताना या लहान पात्याच्या धातूवर पूर्वीच्या दुप्पट ताण पडतो. ताण धातूच्या सहनशक्तीपलीकडे गेला, म्हणजे पाते कायमचे वाकते आणि दुवा सैल होतो.

या पेचातून वाट काढण्याचे उपाय अभियंत्यांनी शोधले आहेत. पहिला उपाय अधिक बळकट धातूचा. दुसरा उपाय मापांच्या काटेकोरपणाचा. भागांची मापे कमीजास्त असली, की तो फरक भरून काढण्यासाठी पात्यास अधिक लवावे लागते. मापे अचूक असली, तर थोडक्या लवण्यावर काम भागते. तिसरा उपाय मोठा चतुर आहे. धनुष्याला प्रत्यंचा चढवून ठेवली, म्हणजे बाण लावण्यापूर्वीच ते ताणलेले असते. त्याप्रमाणे पाते कोशात बसवितानाच किंचित वाकवून अडकवून ठेवतात. त्यामुळे समोरचा भाग आत येताच, थोड्याशा हालचालीने पुरेसा दाब मिळतो. पात्याच्या टोकास लहानसा गोल उभार देतात, म्हणजे सारा दाब एका बिंदूशी एकवटतो. तसेच जोडताना ते टोक थोडे घसरावे, अशी योजना करतात. पाटी पुसावी तसा या घसरण्याने पृष्ठभागावरील मळ पुसला जातो.

पात्यांना धरून ठेवणारा प्लास्टिकचा कोशही तितकाच महत्त्वाचा. कनेक्टर फलकावर डाखताना भट्टीतील उष्णता २५० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. तेवढ्या उष्णतेत न वितळणारे, आणि तरीही साच्यातील कागदासारख्या पातळ जागेत सहज शिरणारे प्लास्टिक त्यासाठी निवडावे लागते.

पात्यांची संख्या वाढली, की आणखी एक प्रश्न उभा राहतो. प्रत्येक पात्याचा दाब पन्नास ग्रॅम धरला, तर घर्षणामुळे ते सरकविण्यास सुमारे पंधरा ग्रॅमचा जोर लागतो. पाती शंभर असली, म्हणजे हा जोर दीड किलोग्रॅम होतो. इवल्याशा कनेक्टरवर एवढा जोर लावणे धोक्याचे असते. म्हणून मोबाईलच्या आतील फितीसारख्या पट्ट्यांसाठी निराळी युक्ती करतात. तेथे एक नाजूक खिटी असते. ती उघडली, की पट्टी विनासायास आत जाते. खिटी मिटली, की पाती तिच्यावर दाबली जातात.

या सर्व विचारांचा मिलाफ मोबाईलच्या चार्जरच्या टोकात दिसतो. १९९६ साली निघालेल्या यूएसबीच्या मूळ कनेक्टरने १,५०० वेळा जोडणे-सोडणे सहन करावे, अशी अपेक्षा होती. संगणकाला ती पुरेशी होती. परंतु दिवसातून तीनदा चार्ज होणाऱ्या मोबाईलला ती दीड वर्षही पुरली नसती. २००७ साली आलेल्या मायक्रो-यूएसबीसाठी आणि २०१४ साली आलेल्या यूएसबी-सीसाठी ही मर्यादा १०,००० ठरविण्यात आली. दिवसाला तीन खेपा धरल्या, तर ती नऊ वर्षे पुरते. यूएसबी-सीमध्ये मोबाईलच्या बाजूस एक मिलिमीटरपेक्षाही पातळ अशी जीभ असते. तिच्या दोन्ही अंगांस बारा-बारा संपर्क असतात, म्हणून प्लग सुलटा लावा की उलटा, तो जुळतोच. वीज वाहून नेणारी काही पाती माहिती नेणाऱ्या पात्यांपेक्षा किंचित पुढे ठेवलेली असतात. त्यामुळे आधी विजेचा मार्ग सिद्ध होतो आणि मागाहून माहितीची देवघेव सुरू होते. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलना हाच कनेक्टर असणे कायद्याने बंधनकारक झाले आहे.

या रचनेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. लवणारी आणि म्हणून लवकर थकणारी पाती मोबाईलमध्ये नसतात. ती तारेच्या टोकात असतात. झीज तर कोठेतरी होणारच. ती हजारो रुपयांच्या यंत्रास न होता शे-दोनशे रुपयांच्या तारेस व्हावी, असा हा हिशेब आहे. तार झिजली, तर नवी आणता येते. यंत्र टिकून राहते. एका लहानशा जोडापायी धडधाकट यंत्र कचऱ्यात जाऊ नये, यासाठी कोणीतरी कागदावर रेघ ओढतानाच ही काळजी घेतलेली असते.

असे कनेक्टर बाजारात येण्यापूर्वी त्यांची कठोर परीक्षा होते. यंत्रे त्यांना हजारो वेळा जोडतात आणि सोडवितात. त्यांना उष्ण व दमट पेटीत ठेवतात, त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचे धुके सोडतात, त्यांना हादरे देतात. प्रत्येक परीक्षेनंतर जोडाचा विद्युत्-रोध मोजतात. तो ओहमच्या काही हजारांश भागांपलीकडे वाढला, तर तो नमुना अनुत्तीर्ण ठरतो. समुद्रकाठच्या खारट हवेत किंवा धावत्या वाहनाच्या हादऱ्यांत तो टिकेल की नाही, हे त्यातून कळते.

अभियंता आपले काम करतो. पुढची निगा वापरणाऱ्याच्या हाती असते. खिशातील कापसाचे तंतू मोबाईलच्या खाचेत साचले, की प्लग पूर्ण बसत नाही. ते काढण्यासाठी टाचणी घालणे चुकीचे, कारण सोन्याचा तो पातळ थर एका ओरखड्याने जातो. तार ओढून प्लग काढणेही तसेच घातक. प्लग धरून, सरळ रेषेत तो काढावा. कोणाच्या कानातील श्रवणयंत्राचा आवाज, कोणाच्या उशाशी असलेल्या वैद्यकीय उपकरणाचे काम, हे सारे अशाच एखाद्या दाबलेल्या पात्यावर अवलंबून असते. डोळ्यांना न दिसणारा हा दुवा जोवर घट्ट आहे, तोवर त्याची कोणाला आठवणही होत नाही. आणि तीच त्याच्या चोख कामाची खूण होय.