होडीची वाट आणि दोन मिलिमीटरचा भुंगा

गोड्या पाण्यात लहान होडीतून मासेमारी करणाऱ्याचे भांडवल मोजकेच असते: होडी, वल्हे किंवा बांबू आणि काही गिल जाळी. सायंकाळी जाळे लावावे, पहाटे काढावे आणि ऊन चढण्यापूर्वी मासळी काठावर पोहोचवावी, असा हा व्यवसाय. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मोकळे पाणी. साल्व्हिनिया मोलेस्टा हे तरंगते नेचे नेमके तेच हिरावून घेते. त्याची चटई दाट झाली की वल्हे अडकते, होडी पुढे सरकत नाही आणि लावलेले जाळे वाऱ्याने हलणाऱ्या तणाबरोबर ओढले जाते. चटईखाली प्रकाश पोहोचत नाही, प्लवक घटते आणि विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मासा असलाच तरी त्याच्यापर्यंत जाण्याची वाट उरत नाही.

या तणाला केरळात ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, तर मध्य प्रदेशात ‘चायनीज झालर’. प्रत्यक्षात ते ना आफ्रिकेचे, ना चीनचे; त्याचे मूळ स्थान आग्नेय ब्राझील. ओळख पटवायची असेल तर पानाच्या वरच्या पृष्ठभागावरील केस भिंगातून पाहावेत. चार-चार केस टोकाशी एकत्र जुळून ताक घुसळण्याच्या रवीसारखा लहानसा पिंजरा तयार करतात. या केसांमुळे पान भिजत नाही. ही वनस्पती वंध्य आहे. तिचा सारा प्रसार तुकड्यांतून होतो. एखादा जिवंत अंकुर असलेला तुकडाही पुरेसा असतो आणि अनुकूल स्थितीत वाढ आठवड्याच्या आत दुप्पट होते.

केरळच्या कुट्टनाड भागात शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि गावांमधली ये-जा कालव्यांतून ‘वळ्ळम’ या होडीने चालते. पूर्वी उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी आत शिरत असे आणि तरंगत्या तणांना आपोआप आवर बसत असे. भातपिकाच्या रक्षणासाठी 1970 च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे बंधारा झाला, क्षारता घटली आणि हा नैसर्गिक अटकाव दुबळा पडला. भाताच्या हितासाठी केलेल्या कामाचा भार असा मच्छीमारावरही पडला. त्याच दशकात पौलिनिया नावाचा नाकतोडा सोडून पाहिला गेला, परंतु त्याने तणाला आवर घातला नाही.

त्या अपयशाच्या मागे वर्गीकरणशास्त्राची एक चूक होती. जगभर या तणाला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजले जात होते आणि त्याचे शत्रूकीटक त्या जातीच्या प्रदेशात, त्रिनिदाद व आसपास, शोधले जात होते. 1972 मध्ये ही जात वेगळी असल्याचे नोंदले गेले आणि 1978 मध्ये तिचे मूळ क्षेत्र ब्राझीलमध्ये सापडले. तेथे तिच्यावर जगणारा सुमारे दोन मिलिमीटरचा काळा सोंड्या भुंगा मिळाला. 1985 मध्ये त्याचे सायर्टोबेगस साल्व्हिनी असे नामकरण झाले. प्रौढ भुंगा कोवळे अंकुर खातो, तर अळी आडव्या खोडात बोगदा करते. अंकुर आणि खोड अशा दोन्ही बाजूंनी घाव बसल्यामुळे वनस्पती तपकिरी पडते आणि अखेर बुडते.

या भुंग्याची खरी परीक्षा पापुआ न्यू गिनीमधील सेपिक नदीच्या पूरमैदानात झाली. तेथील लोकांची मासेमारी, बाजार आणि दवाखाना हे सारे डोंग्यावर अवलंबून. 1980 च्या दशकाच्या आरंभी सुमारे 250 चौरस किलोमीटर पाणी तणाखाली गेले होते आणि काही वस्त्या उठून गेल्या. भुंगे आणून सोडले, तरी सुरुवातीला ते टिकेनात. कारण तपासता असे आढळले की तेथील तणात नायट्रोजन फार कमी, कोरड्या वजनाच्या सुमारे 1 टक्का होता आणि एवढ्यावर किड्याचे प्रजोत्पादन नीट होत नव्हते. म्हणून सोडण्याच्या जागी तणावर युरिया फवारण्यात आला. ज्या तणाचा नाश करायचा त्यालाच खत घालणे कोणत्याही शेतकऱ्याला वेडेपणाचे वाटेल, पण उपाय लागू पडला. एकदा संख्या वाढल्यावर कुरतडलेल्या झाडांतच नायट्रोजनचे प्रमाण वाढू लागले आणि पुढे खताची गरज उरली नाही. 1985 पर्यंत तण सुमारे 2 चौरस किलोमीटरवर आले.

भारतात हा भुंगा 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातून बंगळुरूला आणला गेला. इतर 75 वनस्पतींवर चाचणी घेऊन तो सुरक्षित ठरल्यावर तेथील कमळाच्या एका तळ्यात सोडण्यात आला आणि 11 महिन्यांत ते तळे मोकळे झाले. केरळात त्रिशूर भागातून प्रसार सुरू झाला. 1988 पर्यंत सुमारे 2000 चौरस किलोमीटर क्षेत्र तणमुक्त झाल्याची नोंद आहे. भातशेतीत हे तण काढण्यासाठी हेक्टरी 235 रुपये खर्च येत असे. वाचलेली मजुरी वर्षाला सुमारे 68 लाख रुपये धरली गेली. होडीवाल्याचे वाचलेले तास या आकड्यात नाहीत. मच्छीमारांची हानी हिशेबात न येणे ही आपल्याकडची जुनीच उणीव आहे. अनेक कालव्यांत मोकळी झालेली जागा पुढे जलपर्णीने घेतली, हेही सांगितले पाहिजे.

अलीकडे हा प्रश्न मध्य भारतात उभा राहिला. बैतूल जिल्ह्यातील सारणी येथे औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलेल्या जलाशयात साल्व्हिनिया पसरले आणि मासेमारीवर जगणाऱ्यांच्या होड्या काठाला लागल्या. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने केरळातून आणलेले भुंगे कटनी जिल्ह्यातील एका गावतलावात सोडले होते. तेथे सुमारे दीड वर्षात तण संपले. मध्य भारतातील हिवाळ्यात या किड्याचे प्रजोत्पादन मंदावते, तरी तो टिकतो, हे त्यातून दिसले.

विस्तार कार्यकर्त्यासाठी खरा प्रश्न या दीड वर्षाचा आहे. तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेने बोटुकली सोडलेली असते, ठेक्याची रक्कम भरलेली असते आणि तिला पाणी आजच मोकळे हवे असते. अशा वेळी तणनाशकाची मागणी होते. परंतु एकाच वेळी सारी चटई मेली की कुजताना प्राणवायू खालावतो आणि मासे मरतात. शिवाय भुंग्याचे अन्नही संपते. त्यापेक्षा होडीपुरती वाट आणि जाळी लावण्याचे पट्टे हाताने मोकळे ठेवावेत, बाकी चटई किड्यासाठी राखावी. भुंगे अधिकृत संस्थेकडूनच घ्यावेत. कीडग्रस्त झाडे ओल्या गोणपाटात भरून होडीनेच नेता येतात. ती वारा न लागणाऱ्या जागी, चटईच्या दाट भागात, पाच-सहा ठिकाणी ठेवावीत. तेथे फवारणी नको, उपसाही नको. काही आठवड्यांनी कोवळे अंकुर काळे पडलेले दिसले तर किडा रुजला असे समजावे. झाडे पिवळट आणि निस्तेज असतील, तर नायट्रोजनची कमतरता आहे का, याविषयी संस्थेचा सल्ला घ्यावा.

आणि एक काम मच्छीमारांनाच करावे लागेल. या तणाचे तुकडे जाळ्याच्या गाठींत, होडीच्या बुडाशी आणि मासळीच्या टोपलीत सहज राहतात. एका तलावातून दुसऱ्या तलावात जाण्यापूर्वी जाळे काठावरच झटकून उन्हात पूर्ण वाळवावे, होडी पालथी करून धुवावी आणि निघालेले तण पाण्यापासून दूर सुकू द्यावे.