मुखपृष्ठावर नाव नसलेला नायक

कॉमिकचं मुखपृष्ठ वाचकाला प्रश्न पाडतं तेव्हाच अंक हातात घेतला जातो. जून 1938 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक हा याचा भक्कम पुरावा. जो शूस्टरने त्यावर हिरवी मोटार उचलून खडकावर आपटणारा माणूस रेखाटला. मागे पिवळाधमक झोत, आणि डाव्या कोपऱ्यात डोकं धरून आपल्याच दिशेने पळत सुटलेला एक भेदरलेला इसम. माझ्या मते चित्राचा जीव या इसमात आहे, कारण मोटारीचं वजन त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. सुपरमॅनचं नाव मात्र कुठेच नाही. हा तारणहार की गुंड, हे कळायला दहा सेंट मोजून अंक उघडावा लागे.

कुणी म्हणेल, अंक गाजला तो आतल्या गोष्टीमुळे. पुढच्या पाच मुखपृष्ठांवर तर सुपरमॅन नव्हताच. खरं आहे. पण तोवर वाचक त्याला ओळखू लागले होते. पहिल्या वेळी त्यांच्यासमोर होतं ते फक्त चित्र. आणि ते फसवं नव्हतं, मोटारीचा प्रसंग आत खरोखरच आहे. सातव्या अंकावर प्रकाशकांनी सुपरमॅनला पुन्हा मुखपृष्ठावर आणलं.