पाच ओळींचा हिशेब

2010 साली अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा एक शोधनिबंध गाजला. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 90 टक्क्यांवर गेलं की विकासाचा सरासरी दर उणे 0.1 टक्क्यावर येतो, असं त्यात म्हटलं होतं. युरोप-अमेरिकेतल्या काटकसरवादी पुढाऱ्यांनी त्याचा भरपूर आधार घेतला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन याला हे आकडे गृहपाठात काही केल्या जुळेनात. त्याने मागितल्यावर लेखकांनी मूळ एक्सेल फाइल पाठवली.

सरासरीचं सूत्र 30 ते 49 ऐवजी 30 ते 44 या ओळींवरच चाललं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गळाले होते. शिवाय काही वर्षांची आकडेवारी वगळलेली होती, देशांना दिलेलं वजनही वादग्रस्त होतं. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी 2013 मध्ये फेरमांडणी केली, तेव्हा दर निघाला 2.2 टक्के. एक्सेलमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली. बाकीच्या मुद्द्यांवर मतभेद राहिले.

फाइल हाती आली नसती, तर ही चूक छापील निबंधातून कुणाला दिसलीच नसती. म्हणूनच शोधनिबंधासोबत विदा आणि संगणकीय आज्ञावलीही खुली हवी. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नियतकालिकं 2019 पासून छपाईपूर्वीच या दोन्हींची पडताळणी करतात.