ग्रंथालय तालिकेतील शोध-फीड : मांडणी आणि मर्यादा

आपल्या विषयाचे कोणते नवे ग्रंथ आले, हे संशोधक प्राध्यापकांना ग्रंथालयात वारंवार शोधावे लागते. न्यूझीलंडमध्ये २००० साली कार्यान्वित झालेल्या कोहा या मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणालीने यावर उपाय दिला आहे. तिच्या ऑनलाइन तालिकेत केलेला शोध आरएसएस फीड म्हणून घेता येतो व जुळणाऱ्या नव्या नोंदी वाचकापर्यंत आपोआप पोहोचतात. त्यासाठी ग्रंथपालाने प्रणालीच्या सेटिंगमध्ये तालिकेचा संकेतस्थळ-पत्ता भरणे अनिवार्य आहे. तो रिक्त असल्यास फीड चालत नाही.

तथापि, तांत्रिक मांडणीने प्रश्न संपत नाही. यवतमाळसारख्या कापूस उत्पादक जिल्ह्यात एकाच पिकास 'कापूस' व 'कपाशी' असे दोन शब्द रूढ आहेत. केवळ 'कापूस' या शब्दावर फीड घेतल्यास फक्त 'कपाशी' असलेल्या किंवा रोमन लिपीतील नोंदी निसटतात आणि त्या निसटल्याचे कळतही नाही. प्रत्यक्ष शोधात वाचक दुसरा शब्द योजून पाहतो. फीडमध्ये मात्र पहिलाच शब्द कायम राहतो. म्हणून तालिकाकाराने प्रत्येक नोंदीस प्रमाणित विषयशीर्षक द्यावे व संशोधकाने त्या शीर्षकावरच फीड घ्यावे, हे अधिक श्रेयस्कर ठरते.