जुन्या मोटारीच्या विक्रींत काय विकलें जातें?

एखादी जुनी, उघड्या टपाची मोटार नीट दुरुस्त करून विकावयास काढली, म्हणजे गिऱ्हाईक प्रथम तिचा रंग, कातड्याच्या बैठका आणि घडीचें छत पाहतें. या गोष्टी पैसे खर्चून नव्या करतां येतात. खरा प्रश्न निराळाच असतो : इतके भाग बदलल्यावर ही गाडी तीच राहिली काय? हा प्रश्न इ. स. १९९० मध्यें लंडनच्या हायकोर्टापुढें आला, आणि त्याच्या उत्तरावर सुमारें एक कोटी पौंडांचा सौदा अवलंबून होता.

ती गाडी म्हणजे बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिनें १९२९ सालीं बार्नाटो व बर्किन यांच्या हातीं, आणि १९३० सालीं बार्नाटो व किड्स्टन यांच्या हातीं जिंकली. पुढें इंग्लंडांतील ब्रुकलंड्सच्या शर्यतींसाठीं तिच्यांत फेरबदल झाले. साडेसहा लिटरच्या जागीं आठ लिटरचें एंजिन आलें. १९३२ सालीं तेथील अपघातांत तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. नंतर तिच्यावर बंद टप चढला, आणि कित्येक वर्षांनीं पुन्हां जुन्या धर्तीची उघडी बांधणी झाली.

सौदा ठरल्यावर खरेदीदारानें हरकत घेतली कीं, ही ती गाडीच नव्हे. मालकानें दावा लावला. १९२९ सालचे फारच थोडे भाग उरले होते, हें उघड होतें. तरीहि न्यायमूर्ति ऑटन यांनीं मालकाच्या बाजूनें निकाल दिला. फेरबदल क्रमाक्रमानें होत गेले, प्रत्येक नवा भाग गाडींत सामावून गेला, आणि तिची ओळख मध्यें कोठेंहि तुटली नाहीं. म्हणून गाडी अस्सल ठरली. मात्र ‘मूळ स्थितींतील’ हें विशेषण त्यांनीं तिला लावलें नाहीं.

हा भेद वाड्याच्या दृष्टान्तानें सहज कळेल. वासे बदलले, कौलें बदललीं, तरी पिढ्यान्‌पिढ्या नांदता राहिलेला वाडा तोच म्हणविला जातो. उलट, पाडलेल्या वाड्याच्या चार तुळया घेऊन दुसरीकडे घर बांधलें, तर लांकूड जुनें असूनहि घर नवेंच.

म्हणून जुनी मोटार विकणारानें नवे भाग लपवूं नयेत. चासीचा व एंजिनाचा क्रमांक, मागील मालकांची नोंद, दुरुस्तीचीं बिलें व त्या त्या वेळचे फोटो गिऱ्हाइकापुढें ठेवावे. आणि ‘मूळ’ व ‘अस्सल’ हे शब्द तोलून वापरावे. नव्या भागांची कबुली दिल्यानें किंमत थोडी उतरेल. परंतु लपविलेला भाग उघडकीस आला, तर गाडीच्या साऱ्या इतिहासावरचा विश्वास उडतो, आणि किंमत तर त्या इतिहासाचीच असते.