गाव नसलेला पत्ता

पत्त्यात गावाचे नाव मुळीच लिहू नये, असा दंडक टपालखात्याच्या इतिहासात विलक्षणच म्हटला पाहिजे. परंतु पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढणाऱ्या मित्राला इंग्लंडातून पोस्टकार्ड धाडणाऱ्यास शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, बटालियन व रेजिमेंट एवढे नमूद करून शेवटी ‘ब्रिटिश एक्स्पिडिशनरी फोर्स’ या तीन शब्दांवरच लेखणी थांबवावी लागे, कारण पलटणीचा मुक्काम हे सरकारी गुपित होते.

पोस्टकार्डाचा आणि युद्धाचा ऋणानुबंध तसा जुनाच. ऑस्ट्रियाने १८६९च्या ऑक्टोबरात जगातले पहिले कार्ड काढले, १८७०च्या जुलैत उत्तर जर्मनीने त्याचे अनुकरण केले, आणि तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच फ्रान्सशी युद्ध जुंपून ते शिपायांच्या हाती पडले. आपल्याकडे पाव आण्याचे कार्ड यायला १८७९ साल उजाडले.

गाव नसलेली ही कार्डे पोचत कशी? लंडनच्या रीजंट्स पार्कात या कामासाठी एक अवाढव्य लाकडी वखार उभारली होती. तेथे सुमारे अडीच हजार माणसे, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, पलटणवार टपाल निवडीत. ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रे या वखारीतून रवाना होत, आणि खाडीपलीकडल्या खंदकात ती बहुधा दोन-तीन दिवसांत पोचत.

आईने वा पत्नीने लिहावयाचे ते बंद लखोट्यातच शोभते. मित्राला मात्र उघडे कार्डच साजते, असे माझे प्रांजळ मत आहे. पोस्टमनपासून सार्जंटपर्यंत सर्वांनी वाचले तरी हरकत नाही असाच मजकूर तेथे असावयाचा: गल्लीतल्या कुत्रीला चार पिल्ले झाली, शेजारच्या म्हाताऱ्याने पुन्हा कुंपणावरून भांडण उकरले. शौर्याच्या उपदेशापेक्षा अशा क्षुल्लक खबरीचीच चिखलात बसलेल्या माणसाला अधिक गोडी वाटत असली पाहिजे.

उत्तरादाखल शिपायाकडून पुष्कळदा एक छापील कार्ड येई. ‘मी अगदी बरा आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केले आहे’, ‘तुमचे पत्र मिळाले’, ‘बरेच दिवसांत तुमचे पत्र नाही’ अशा अर्थाची ठरीव वाक्ये एकाखाली एक. नको असतील ती खोडावयाची, खाली सही व तारीख घालावयाची, आणि याउपर एक अक्षरही लिहिल्यास कार्ड नष्ट केले जाईल अशी वर ताकीद! ‘लोभ असावा’ म्हणण्याचीसुद्धा त्यात सोय नव्हती. तरीही हाती पडलेल्या कार्डावर कोणती ओळ शाबूत आहे, हे पाहताना घरच्यांचा जीव टांगणीला लागत असेल.

तोफांपुढे टपालही हतबल होते. मेसोपोटेमियात कुत येथे पुणे डिव्हिजन वेढली गेली. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणीही होत्या. टपालाची नित्याची वाट तुटली, आणि १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, त्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली.

फ्रान्सकडे गेलेले काही टपाल ‘युद्धात कामी आला’ एवढा शेरा मिरवीत पाठवणाऱ्याकडेच परत येई. आपल्याकडे मृत्यूची वार्ता नेणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची चाल होती. या परतलेल्या कार्डांचे चारही कोपरे शाबूत असत.